पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

लग्नाची पत्रिका आली की हल्ली मी ती घरात ठेवत नाही. वाचते, तारीख कॅलेंडरवर मांडते आणि रद्दीत टाकते. माझ्या नवऱ्याला याचं नवल वाटतं, कारण त्याआधीची सहा-सात वर्षं मी पत्रिकांच्या मागं वेडी होते. शेजारणींकडून मागून आणायची, नातेवाइकांना बजावून ठेवायची. एकदा तर मंगल कार्यालयाच्या मागच्या ढिगातून दोन उचलल्या होत्या, त्याही भरजरी साडी नेसून. "आहेर विसरलीस तरी चालेल, पत्रिका विसरू नकोस," असं तो मला चिडवायचा. आता चिडवत नाही.

मी रिहे खोऱ्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. राहते सूसला, आणि रोज सकाळी नांदे, घोटावडे करत स्कूटरनं जाते. शाळेला दोन खोल्या, एक पडवी आणि चार वर्ग मिळून एकोणीस मुलं. तिसरी-चौथी सरांकडं, बाकीची माझ्याकडं. गावातल्या जमीनवाल्यांची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, माझा मुलगाही तसाच शिकला. आमच्याकडं येतात ती फार्महाऊसची राखण करणाऱ्यांची, खाचरात मजुरीनं जाणाऱ्यांची, आज इथं तर उद्या तिथं अशा घरांतली मुलं. शाळेत येईपर्यंत त्यांनी अक्षरं पाहिलेली असतात ती बिस्किटाच्या पुड्यावर, नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर.

एका प्रशिक्षणात आम्हाला शब्दकार्डांची पद्धत शिकवली होती. आई, पाणी, घर, मी, आहे, नाही, आणि, चल, ये असे रोजच्या बोलण्यातले शब्द मुलांनी अख्खेच्या अख्खे ओळखायचे. आधी शब्द नजरेत बसतो, मग त्यातली अक्षरं सुटी होतात, आणि मूल वाचू लागतं. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. पद्धतीत खोट नव्हती. शाळेला मिळालेला कार्डांचा छापील संच मात्र एका पावसाळ्यात वाळवीनं फस्त केला, आणि मला पत्रिकांची युक्ती सुचली.

आमच्या भागात जमिनी विकल्या जायला लागल्या तशा पत्रिका जाड झाल्या. पूर्वी पिवळा पातळ कागद यायचा, आता पाटासारखं पुठ्ठ्याचं वेष्टन येतं. वर उठावाचा गणपती, मोर नाहीतर कलश, कडेनं सोनेरी पट्टी. आत नावांची ही गर्दी, पण वेष्टनाची पाठ कोरी करकरीत. तो पुठ्ठा मधोमध कापला की दोन कार्डं निघतात. फुकटात, आणि फाटता फाटत नाहीत. मी त्या कोऱ्या बाजूवर काळ्या मार्करनं ठळक शब्द लिहायची. पत्रिका द्यायला येणारा माणूस तिला हळदीकुंकवाचं बोट लावूनच देतो, त्यामुळं एखाद्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल-पिवळा डाग पाठीपर्यंत उतरलेला असायचा. मला तो शुभ वाटायचा. चाळीस कार्डं झाली तेव्हा मी त्यांना एक कापडी पिशवी शिवली आणि स्वतःवरच खूश झाले.

एक मुलगी पहिलीत आली ती वर्षभर जवळजवळ बोललीच नाही. तिचा बाप आधी लवासाकडं माळीकाम करायचा. ते काम सुटल्यावर आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवर राखणीला आला होता. एक खोली, पंप, दोन कुत्री आणि मालक येतील त्या शनिवार-रविवारी स्वयंपाक, असा त्या नवरा-बायकोचा संसार. तिची आई पहिल्या दिवशी तिला घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, म्या चौथीपस्तोर गेलेली हाय साळंत," ती म्हणाली. "पर आता माजंच नाव मला वळखाया येत न्हाई. हिला तेवढं वाचाया येऊ द्या. दुसरं काय बी मागत न्हाई मी."

"येईल की," मी म्हणाले. अशी वचनं मी दर जूनमध्ये देते.

दुसरीच्या वर्षी मात्र ती पोरगी फुलली. पिशवीतून कार्डं काढली की सगळ्यांच्या पुढं येऊन बसायची. मी कार्ड धरायची आणि इतरांनी तोंड उघडायच्या आत हिचं उत्तर तयार. कार्डं उलटसुलट पिसली, मधूनच काढली, तरी चूक नाही. तिची एक सवय होती. कार्ड हातात दिलं की ती त्यावरून हळूच बोट फिरवायची. मला वाटायचं, अक्षराचं वळण गिरवते आहे. मी सगळ्या वर्गाला म्हणायची, "बघा, शब्द कसा वाचायचा ते हिच्याकडून शिका." बाकीची पोरंही मग बोटं फिरवायला लागली.

वरून तपासणीला साहेब आले तेव्हा मी तिलाच उभी केली. तिनं चाळीसच्या चाळीस शब्द धडाधड वाचले. साहेबांनी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला, तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर माझ्या फोनवर अंगठे आणि फुलं पडत राहिली. खोटं कशाला बोलू, मी हवेत होते. वीस वर्षं नोकरी झाली, माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

त्याच भरात मी तिच्या आईला शाळेत बोलावलं. गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ती कडेवर तान्हं घेऊन आली, मुलाचा जन्म नुकताच झाला होता. पोरीनं तिच्यापुढं एकेक कार्ड वाचून दाखवलं. बाई उभ्याउभ्या रडायला लागली. पदरानं डोळे पुसायची आणि परत कार्डांकडं बघायची.

"खरंच वाचतीया व्हय ही?"

"अहो, डोळ्यांनी बघताय ना? तुमची मुलगी वाचायला शिकली. आता काळजी सोडा."

हे माझे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी तिनं फार्महाऊसच्या वाफ्यातली अळूची जुडी पाठवली. घरी फतफतं केलं, आणि तेही फार छान झालं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि त्या वर्षीची पहिली पत्रिका शाळेत आली. मोराची. पौडातल्या छापखान्यात तो मोर बहुतेक फार खपत असावा, कारण आदल्या वर्षीही एका घरून अगदी तशीच आली होती. मधल्या सुट्टीत मी टेबलाशी बसून ती कापली आणि मोराचा अर्धा भाग कोरी बाजू वर करून ठेवला. यावर कुठला शब्द घ्यावा, याचा विचार करत होते. ती पोरगी खिचडीची ताटली धुऊन आत आली, ओले हात फ्रॉकला पुसले, टेबलाकडं पाहिलं आणि जाता जाता म्हणाली, "घर."

मी हसले. "अगं, कोरं आहे ते. अजून लिहिलंच नाही मी काही."

"घर हाय, बाई," ती म्हणाली, आणि मला खात्री पटावी म्हणून तिनं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. पुढच्या बाजूला मोर उठावाचा होता, त्यामुळं पाठीला त्याचा खळगा पडला होता. तिचं बोट त्या खळग्यातून फिरलं. मानेवरून खाली, पिसाऱ्यावरून वर. आदल्या वर्षीच्या मोराच्या पाठीवर मी "घर" हाच शब्द लिहिला होता.

मार्कर माझ्या हातात टोपणासकट होतं. मी पिशवी ओतली आणि तिला समोर बसवलं. "आई" हे कार्ड काढलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग होता. मी त्यावर अंगठा ठेवून कार्ड धरलं. ती थांबली. माझ्या अंगठ्याच्या कडेनं डोकावायला लागली. मी अंगठा काढला तशी झटकन म्हणाली, "आई." मग "पाणी". त्याची सोनेरी कड कापताना माझ्या हातून तिरकी गेली होती. ती कड मी रुमालानं झाकली. परत तेच. मग मी वहीचं पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरात "घर" लिहिलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते पाहिलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, उजेडाकडं धरलं.

"बाई, ह्याच्यात कायबी न्हाई."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. शब्द वाचणं म्हणजे हेच, असं तिला मीच शिकवलं होतं. पुठ्ठ्यावरचे डाग, कडा आणि खळगे लक्षात ठेवायचे आणि बाईंना हवा तो आवाज काढायचा. चाळीस कार्डांच्या चाळीस खुणा त्या पोरीनं पाठ केल्या होत्या. अक्षरं पाठ करायला जेवढी बुद्धी लागते तेवढीच, कदाचित जास्तच, तिनं त्यात घातली होती. मधलं काळं लिखाण तिच्या लेखी नक्षीच होती. दुसरीतल्या बाकीच्यांना घरी थोरली भावंडं होती, त्यांच्या वह्या होत्या, कुठून ना कुठून अक्षर त्यांच्यात शिरलं होतं. हिच्याकडं माझी पिशवी सोडून काही नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा तर मारुतीही झाला नव्हता.

मी सरांना सांगितलं. सर निवृत्तीला आलेले, स्वभावानं थंड.

"चालायचंच बाई. निम्म्या पोरांचं असंच असतंय," ते म्हणाले. "पण त्या व्हिडिओवाल्या पोरीचं कुठं बोलू नका. वर गेलाय तो."

मला त्यांचा राग आला, पण बोलले मी कुठंच नाही. साहेबांना नाही आणि तिच्या आईलाही नाही. साहेबांचं सोडा. आईला सांगायला हवं होतं आणि मला लाज वाटली, इतकं सरळ ते आहे. मी मनाशी ठरवलं की जूनपर्यंत वेळ आहे. अक्षरापासून सुरुवात करू, एप्रिलपर्यंत खरंच वाचायला लागेल, मग सांगायची गरजच पडणार नाही.

एप्रिल कसला, मला आठ दिवसही पुरते मिळाले नाहीत. फार्महाऊस विकलं गेलं. नव्या मालकाचा स्वतःचा माणूस होता. तिचा बाप सांगायला आला की आठवड्यानं निघायचंय, सूसला एका बांधकामावर वॉचमनची जागा मिळाली आहे. "तुमच्याच गावाला की बाई," असं म्हणून तो हसला.

त्या आठवड्यात मी इतर मुलांना पाढे म्हणायला बसवून तिला घेऊन पडवीत बसले. चित्रकलेच्या पांढऱ्या कागदाची कार्डं केली, सगळी एका मापाची, एकाही कडेला वेडंवाकडं जाऊ दिलं नाही. ते बघून ती गप्प झाली. पहिलीत होती तशी. एका दिवशी मी वैतागून ओरडलेसुद्धा, "अगं, मधे बघ, मधे! कोपऱ्यात काय आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या गोष्टीसाठी बाईंनी इतके महिने शाबासकी दिली तीच गोष्ट केल्यावर बाई ओरडतात, याचा तिला काय अर्थ लागणार? शेवटच्या दिवशी ती "घ" ओळखायची आणि "र" ओळखायची. दोन्ही शेजारी ठेवले की माझ्या तोंडाकडं बघायची.

दाखला न्यायला आई आली. निघताना तिनं विचारलं, "बाई, ती पत्रिकांची पिशवी द्याल का? तितं कुणी नसंल हिच्या वळखीचं. तेवढंच वाचत बसंल."

मी पिशवी दिली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. एवढंच म्हणाले, "गेल्यागेल्या शाळेत नाव घाला तिचं. विसरू नका. लगेच घाला."

"व्हय व्हय," ती म्हणाली.

डिसेंबरात मी तिच्या आईला दोनदा फोन केला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा तिनं उचलला, पाठीमागं मिक्सर फिरत होता, ती आमच्याच भागातल्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला लागली होती. आवाज खुशीत होता. "बाई, रोज समद्या कार्डांचं वाचन करती. हितल्या बाया बगाया येत्यात!" खरं काय ते सांगायचं सोडून, तब्येतीला जपा, असलं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

मार्चमधला शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळं अकरा-साडेअकराला मी घरी पोचले. आमच्या सोसायटीच्या गेटवर पाण्याचा टँकर आडवा लागला होता, म्हणून स्कूटर थांबवावी लागली. गेटाच्या कठड्यावर ती बसली होती. मांडीवर भाऊ. अंगानं वाढली होती, फ्रॉक तोच. मला बघून हसली आणि एकदम ताठ बसली, वर्गात बसायची तशी. तेवढ्यात तिची आई शेजारच्या इमारतीतून पिशवी घेऊन आली.

"अगं बया, बाई! तुमी हितं ऱ्हाता व्हय?"

मी विचारलं, "कुठल्या शाळेत घातलं हिला?"

"घालायचीय अजून. ह्यो बारका सुटत न्हाई बगा, मला चार घरची कामं. कुणापाशी ठिवू याला?" मग माझा चेहरा पाहून तिनं मलाच धीर दिला. "आन् वाचाया तर येतंच की तिला. तुमीच म्हनला हुता, काळजी सोडा."

त्या क्षणी मला तिचा संताप आला. आई आहेस, एवढं कळत नाही? पण तिला कळणार कुठून आणि कुणी सांगायचं होतं? मी म्हणाले, "संध्याकाळी माझ्याकडं पाठवत जा. मी शिकवते. भावाला घेऊन आली तरी चालेल."

"कशाला तरास तुमाला? येतंय की तिला समदं."

आता सांगायला हवं होतं. इथं, गेटावर, उन्हात. मी तोंड उघडलंही. पण आईनं तोवर लेकीच्या पाठीवर थाप मारली होती. गेटावरचा वॉचमन, बिहारकडचा एक म्हातारा, मजेनं आमच्याकडं बघत होता, आणि तिला त्याच्यापुढं मिरवायचं होतं.

"वाच गं. त्या टँकरवर काय लिवलंय, बाईंना वाचून दाव."

टँकरच्या पाठीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत एकच शब्द रंगवला होता, "पाणी". मी तिला शिकवलेला पहिला शब्द. पोरीनं मान वर केली. तिची नजर त्या शब्दावरून सरकली आणि पत्र्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग खालच्या दोन्ही, जिथं गंज होता आणि पाणी ठिबकत होतं. तिनं भावाला सावरून कडेवर घेतलं, उठून टँकरपाशी गेली आणि मोकळ्या हाताचं बोट कडेवरून फिरवलं. कड सरळ होती. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. आई हसत वाट बघत होती.

मी ओठ हलवले. आवाज नव्हताच जवळजवळ, नुसते ओठ.

"पाणी!" ती मोठ्यानं म्हणाली.

"देखा?" आई वॉचमनला म्हणाली. "मेरी लडकी पढती है. ये उसकी बाई है, पूछो."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.